गरुडाचा क्लच

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं गिअरबॉक्स बनवले. रस्त्याच्या कडेला उभं राहून, नुसता आवाज ऐकून हे सांगतात की समोरून गेलेल्या ट्रकचा ड्रायव्हर दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यात जाताना कुठे चुकला. स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात एकदाच गिअर टाकला. सत्त्याण्णव साली, निगडी प्राधिकरणातल्या आमच्याच गल्लीत. पुढे जायचं होतं, गाडी मागे गेली आणि समोरच्यांना नवं फाटक करून द्यावं लागलं. त्यानंतर ह्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. लावायची गरजच काय? सकाळी सहा चाळीसला कोपऱ्यावर कंपनीची बस यायची आणि संध्याकाळी तिथेच आणून सोडायची. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा हार आणि नारळ मांडीवर घेऊन हे बसनेच घरी आले.

तर गाडी चालवली ती मी. गाडी म्हणजे स्टेशन वॅगन. लांबलचक, डिकीच्या जागी अख्खा दरवाजा, मागची सीट पाडली की एक माणूस पाय पसरून झोपेल एवढी जागा. तशा गाड्या आता दिसत नाहीत. सिग्नलला पोरं काच खाली करून विचारतात, "मावशी, विकायची का?" कंपनीतल्याच एका साहेबाने ती दोन वर्षं वापरून काढली होती. ह्यांच्या नावावरची कंपनीची सवलत साताऱ्याच्या दिरांना गाडी घेऊन देण्यात केव्हाच खर्ची पडली होती, म्हणून वॅगन माझ्या नावावर झाली. तेव्हा मला वाटलं, नावाने काय फरक पडतो?

मुलांच्या शाळा, गॅसचं सिलिंडर, दिवाळीचं सामान, सगळं तिने ओढलं. पण खरं सांगायचं तर मला ती एकाच गोष्टीसाठी हवी होती. राजगुरुनगर. माझं माहेर. दर गुरुवारी मी आठला निघते, तळवड्यावरून चाकण गाठते, चाकणच्या चौकात कंटेनरच्या धुरात अर्धा तास घालवते आणि दहाच्या सुमाराला आईजवळ असते. "जाऊ का?" असं मी अठ्ठावीस वर्षांत कुणाला विचारलेलं नाही. माझ्या वयाच्या बायकांना विचारा, ह्याची किंमत काय असते ते.

ह्या सुखाला दृष्ट लागली जूनच्या शेवटी, भीमाशंकरच्या चढावर. ह्यांचे दोन मित्र बरोबर होते. अवधूतभाऊजी, डिझाइनमधून निवृत्त झालेले, आणि सोपानराव, प्रॉडक्शनमधून निवृत्त झालेले. हे स्वतः क्वालिटीतले. तिघे रोज सकाळी बागेत चालायला जातात, म्हणजे दोन फेऱ्या मारतात आणि दीड तास बाकावर बसून देशातली वाहनं सुधारतात. त्या दिवशी तिघे गाडीत होते, मी चालवत होते, आणि चढावर कोथिंबिरीच्या जुड्या भरलेला एक पिकअप आमच्या पुढे गेला. गेला तर गेला, पण जुड्यांवर बसलेल्या माणसाने आम्हाला हात केला. या हळूहळू, असा.

मला काही वाटलं नाही. चढावर वॅगन तिसऱ्यात धापा टाकते आणि दुसऱ्यात घेतली की गुमान चढते. तिचा आणि माझा हा जुना करार आहे. पण आरशात पाहिलं तर मागे सुतक पडलेलं.

"गाडीला पुल न्हाई, वहिनी," सोपानराव म्हणाले.

"वजनाच्या मानाने ताकद कमी आहे," अवधूतभाऊजी म्हणाले.

"इंजिन बदलायला हवं," हे म्हणाले.

"गिअर बदलला की झालं," मी म्हटलं आणि बदलला. गाडी चढली. पण तोवर तिघे हिशेबाला लागले होते, माझ्याकडे कोण बघतो!

पुढच्या सोमवारी माझ्या जेवणाच्या टेबलावर 'प्रकल्प गरुड'ची पहिली मीटिंग झाली. हसू नका, नाव ठरवायलाच दोन तास लागले होते. तीन माणसं आणि तीन खाती. कोण कुणाला रिपोर्ट करणार ह्यावर थोडी कुरबूर झाली, मग हे अध्यक्ष झाले, कारण टेबल आमचं होतं. फ्रिजच्या दारावर कामाचा तक्ता लागला. दहा पंधराला चहा ठरला, कंपनीत यायचा तसा. कंपनीत तो कँटीनवाला आणायचा, इथे मी. तिघेही सेफ्टी शूज घालून माझ्या नुकत्या पुसलेल्या फरशीवरून फिरायचे. आणि पोर्चमध्ये एका स्टँडवर पांढरा फलक उभा राहिला, कंपनीच्या गेटवर असतो तसा: 'अपघातविरहित दिवस', आणि पुढे रोज पुसून लिहायचा आकडा. पोर्चमध्ये काम काहीच व्हायचं नव्हतं. काम व्हायचं होतं तळवड्याला, ज्योतीरामच्या गॅरेजमध्ये. पण फलक लागला, आणि हे रोज सकाळी दात घासायच्या आधी आकडा बदलू लागले.

त्या मीटिंगमध्ये एक फॉर्म भरला होता. चहाचे कप उचलताना मी तो वाचला. वर प्रकल्पाचं नाव, खाली उद्दिष्ट, त्याखाली एक रकाना: 'ग्राहक'. म्हणजे हे सगळं चाललंय कुणासाठी. ह्यांनी आपल्या वळणदार अक्षरात स्वतःचंच नाव लिहिलं होतं: 'शरच्चंद्र'. मला हसू आलं. हसायला नको होतं. तेव्हाच कप आपटायला हवे होते.

इंजिन मिळालं कुदळवाडीच्या भंगारबाजारात, कुठल्याशा अपघातातल्या मोठ्या जीपचं. तिघे ते बघायला इस्त्रीचे कपडे घालून गेले, कांदेपोहे तेवढे राहिले. दुप्पट ताकद, अवधूतभाऊजी म्हणाले. घराणं चांगलं आहे, असं म्हणायचंच बाकी होतं.

पुढचे तीन महिने काम केलं एकट्या ज्योतीरामने. हा धाराशिवकडचा माणूस. चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर राबून कंटाळला आणि स्वतःचं गॅरेज टाकलं. त्याने जुनं इंजिन काढलं, नवं बसवलं, इंजिनाखालचा पाया कापला, जोडला, वायरी ओढल्या. तिघांनी सह्या केल्या. कामाचे चौदा टप्पे होते, प्रत्येक टप्प्यावर एक सही, आणि सही झाल्याशिवाय ज्योतीरामने पुढच्या बोल्टला पाना लावायचा नाही. कधी सही करणाऱ्याचं पोट बिघडलेलं, कधी त्याच्याकडे पाहुणे आलेले. तक्त्यावरची तीन आठवड्यांची रेघ लांबत लांबत फ्रिजच्या दारावरून भिंतीवर गेली.

नवं इंजिन उंचीला जास्त निघालं, बोनेट बसेना. मग बोनेट कापून त्यावर पत्र्याचा उंचवटा करायचं ठरलं. अवधूतभाऊजींनी त्याची तीन ड्रॉइंग केली, हवेच्या प्रवाहाचे बाण काढून. ज्योतीरामने चौथंच काहीतरी एका दुपारी हातोड्याने ठोकून बसवलं. सगळ्यांना आवडलं. ड्रॉइंग त्याप्रमाणे दुरुस्त केलं.

आणि बाराव्या टप्प्यावर ज्योतीराम म्हणाला होता, "साहेब, क्लच लई जड बसलाय." हे मला कसं कळलं? फ्रिजच्या दारावर मीटिंगचा वृत्तान्त लागलेला असायचा. त्यात सातव्या मुद्द्याला लिहिलं होतं: 'क्लच जड. डेव्हिएशनवर पास.' ह्यांच्याशी संसार केल्यामुळे मला हा शब्द माहीत होता. डेव्हिएशनवर पास म्हणजे चूक आहे हे सगळ्यांना मान्य, पण माल पुढे ढकला. मी तो मुद्दा वाचला, फ्रिज उघडला आणि दही काढलं. जड म्हणजे माझ्या डाव्या गुडघ्याला जड, हे माझ्याही डोक्यात आलं नाही. माझाही मूर्खपणाच तो.

कारण माझं डोकं आईपाशी होतं. माझी आई अंबूबाई, वय सत्त्याऐंशी. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला फार वेळ बसवत नाही. डॉक्टरकडे आणायची तर वॅगनची मागची सीट पाडायची, गादी घालायची आणि तिला आडवी निजवून आणायची. दुसरी कुठलीही गाडी तिला चालत नाही. तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू चिंचवडच्या डॉक्टरांनी काढला होता, दुसऱ्याची तारीख मिळाली होती दसऱ्यानंतरच्या गुरुवारची. ते तीन महिने मी बसने जाऊन येत होते. बसमध्ये मला बसायला जागा मिळायची, पण बसमधून आईला कशी आणणार? माझा भाऊ किसन म्हणाला, अँब्युलन्स करू. आई फोनवर कडाडली, "त्या गाडीत मी न्हाई बसायची. गावातनं त्या गाडीतनं गेलेलं एक बी मानूस परत आल्यालं म्या बघितलं न्हाई." आणि मग हळू आवाजात, "पद्मे, तू येशील न्हवं? तुझ्या गाडीतनं जाऊ."

"खंडेनवमीला गाडी दारात," ह्यांनी मला शब्द दिला. आणि शब्द पाळला, हे मान्य करायलाच हवं.

खंडेनवमी म्हणजे आमच्या भागाचा खरा सण. भोसरीपासून चाकणपर्यंत प्रत्येक शेडमधल्या मशिनला त्या दिवशी झेंडूचा हार असतो आणि एरवी शिव्या खाणारं ग्राइंडर कुंकू लावून बसतं. सकाळी दहाला ज्योतीराम गाडी घेऊन आला. तीन गल्ल्यांपलीकडून आवाज येत होता. बोनेटवर उंचवटा, त्यावर हार, चाकांखाली लिंबं. अख्खी गल्ली जमली. शेजारच्या सुमनताई माझ्या कानात म्हणाल्या, "गाडीला टेंगूळ आलंय का हो?" फलकावर आकडा होता त्र्याण्णव.

नारळ फुटला. ह्यांनी छोटंसं भाषण केलं, त्यात टीमवर्क हा शब्द पाच वेळा आला. मग पहिली फेरी मारायची वेळ आली आणि तिघे एकमेकांकडे बघू लागले. अवधूतभाऊजींना ऑटोमॅटिक गाडीची सवय, क्लच दाबून त्यांना दहा वर्षं झालेली. सोपानरावांचे दोन्ही गुडघे मार्चमध्ये बदललेले. ह्यांचं तर मी सांगितलंच. तीन महिने, चौदा सह्या, आणि गाडी गेटबाहेर काढू शकेल असा त्या टीममध्ये एकही माणूस नव्हता.

"वहिनी आहेत ना," अवधूतभाऊजी म्हणाले.

मी नऊवारी नाही, पण काठापदराची साडी नेसले होते. पदर खोचून बसले. सीटवरची माझी उशी होती तिथेच होती, तेवढं बरं वाटलं. क्लचवर पाय ठेवला आणि दाबला.

दबला नाही. मला वाटलं, काहीतरी अडकलंय. पुन्हा दाबला. चार बोटं आत गेला आणि मला परत ढकलून दिलं. मग मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, कमरेतून उठले आणि सगळं अंग त्या एका पायावर टाकलं. तो तळाला गेला. मी पहिला गिअर टाकला. आता हळूहळू सोडायचा, पण माझा गुडघा थरथरायला लागला, कळ थेट मांडीत गेली आणि पाय सटकला. गाडीने उडी मारली. स्टिअरिंग फिरवायला गेले तर पुढचं वजन इतकं झालेलं की ते हलेचना. ब्रेक लागेपर्यंत वॅगन फलकावर चढली होती. 'अपघातविरहित दिवस' चाकाखाली गेले आणि त्र्याण्णव उताणे पडले.

कुणी हसलं नाही. नंतर सुमनताईंनी सांगितलं की त्या घरात जाऊन हसल्या. मी मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. मला रडू आलं होतं. फलकाचं नव्हे, मला समोर गुरुवार दिसत होता.

तिघे काय करत होते? तिघे मीटिंगला बसले. कंपनीत काही बिघडलं की 'का-का' करतात. म्हणजे, का झालं? त्याचं उत्तर लिहायचं. मग ते का झालं? त्याचं उत्तर. असं पाच वेळा 'का' विचारलं की मूळ कारण हाती लागतं म्हणे. मी गुडघ्याला मलम चोळत स्वयंपाकघरात बसले होते आणि बैठकीच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं.

"गाडी फलकावर का गेली?" हे विचारत होते.

"क्लच झटक्यात सुटला म्हणून," अवधूतभाऊजी.

"का सुटला?"

"पाय सटाकला म्हनून," सोपानराव.

"पाय का सटकला?"

"जोर पुरला नाही."

"का पुरला नाही?"

इथे मी मलम चोळायची थांबले. मला खरंच वाटलं, आता येणार. आता तिघांपैकी एकजण तरी म्हणणार की क्लच जड आहे हे आपल्याला माहीत होतं. आता पाचवा 'का' येणार, की मग आपण तो चालवणार कोण हे का विचारलं नाही? चौतीस वर्षांची हुशारी एका पावलावर येऊन ठेपली होती.

मार्करचा आवाज आला. हे लिहिता लिहिता वाचत होते. "मूळ कारण: चालकाची शारीरिक क्षमता अपुरी. उपाय: चालक बदलणे."

"बराबर हाय," सोपानराव म्हणाले.

मला आयुष्यात इतका राग कधीच आला नव्हता. सासूबाई होत्या तेव्हाही नाही. कंपनीतल्या गोष्टी ह्यांच्याकडून ऐकायचे, की मशिन बिघडो, माल बिघडो, कागदावर शेवटी चूक कामगाराचीच लागते, तेव्हा मला त्या कामगारांचं वाईट वाटायचं. आज माझ्याच घरात मीच कामगार झाले होते.

मी बाहेर गेले. हे टेबलावर एक फॉर्म ठेवत होते. "पद्मा, बरं झालं आलीस. आरटीओत इंजिन बदलल्याचा अर्ज द्यायचाय. खरं तर आधीच द्यायला हवा होता, राहून गेला. एजंट म्हणाला, मालकाची सही लागेल. आरसी तुझ्या नावावर आहे ना." आणि माझ्यापुढे पेन धरलं. "एवढीच एक सही राहिली आहे."

"चालक बदलायचाय ना?" मी म्हटलं. "मग नवा चालक आणा आणि त्याची सही घ्या."

"तसं नव्हे गं. ती आपली पद्धत असते लिहायची."

"अहो, तुमच्या फॉर्मात ग्राहक म्हणून कुणाचं नाव आहे?"

ह्यांनी पुढे धरलेलं पेन मागे घेतलं.

"वहिनी, ड्रायव्हर ठेवू की एक," अवधूतभाऊजी म्हणाले. "गुरुवारपुरता. तुम्ही आरामात मागे बसा."

"मला मागे बसायचं नाही," मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. "अठ्ठावीस वर्षं मी पुढे बसले. तुम्हा तिघांना भीमाशंकरला कुणी नेलं? ही गाडी माझी, ग्राहक मी, आणि मी माल नाकारला. डेव्हिएशनवर पास करत नाही."

ह्या शब्दांचा अर्थ त्या तिघांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता. पेनाचं टोपण हळूच बंद झालं.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, मी रिक्षा करून ज्योतीरामकडे गेले. हे सोनं द्यायला बाहेर पडले होते. गॅरेज बंद होतं, तो मागच्या खोलीत पुरणाचं जेवून आडवा झाला होता. मला बघून उठून बसला.

"ज्योतीराम, जुनं इंजिन कुदळवाडीला गेलं का रे?" गेलं असतं तर सगळंच संपलं होतं.

कोपऱ्यात कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अंथरला होता. तो त्याने ओढला. खाली लाकडी ठोकळ्यांवर माझं इंजिन, स्वच्छ पुसलेलं, तोंडं कापडाने बांधलेली.

"साहेब म्हनले, भंगारात टाक. म्या न्हाई टाकलं."

"का?"

"काकू, तुमच्या दारातनं गाडी आनली तवा म्या सीट बघितली ना. पार म्होरं वडलेली, वर उशी. साहेब सहा फुटाचे, त्येंचे गुडघे बी जायचे न्हाईत तितं. म्हनलं, ही गाडी चालवनारं मानूस येगळंच हाय. आन तीन म्हैन्यात ते मानूस एकदा बी हिकडं आलं न्हाई. म्हनलं, ते आलं की जुनं इंजिन मागनार."

"मग तू त्यांना बोलला का नाहीस?"

"बोललो की. क्लच जड हाय म्हनलो." तो हसला. "त्येंनी लिवून घेतलं."

मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. चौदा सह्यांचा प्रकल्प, आणि सीटकडे बघायचं सुचलं ते दहावी नापास ज्योतीरामला.

"गुरुवारपर्यंत होईल?"

"सांजच्याला येऊन गाडी घिऊन जातो, रातचं बी करतो. पन काकू, बोनेट मातर कापलेलंच ऱ्हानार. जुनं आता न्हाई."

जे काम तीन महिने चाललं होतं ते उलटं करायला त्याला पाच दिवस लागले, कारण सही करायला कुणी नव्हतं. आरटीओचा फॉर्म फ्रिजवर तसाच राहिला. त्याच्या पाठीमागे मी किराण्याची यादी केली.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. आईला उचलायला दोन माणसं लागतात आणि उतारावर गाडी धरायला तिसरं, किसनची पहिली शिफ्ट होती, म्हणून हे बरोबर आले. क्लच दाबला तसा दबला, जुन्या मैत्रिणीने हात हातात घ्यावा तसा. हे शेजारी बसले होते. चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे अडकलो, तेव्हा बाजूच्या टेम्पोवाल्याने बोनेटच्या उंचवट्याकडे बघून भुवया उडवल्या. "काका, काय टाकलंय आत?"

"पॉवर वाढवली आहे," हे म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं. ते दुसरीकडे बघू लागले. सिग्नल सुटला आणि टेम्पोवाला आम्हाला मागे टाकून गेला.

किसनच्या घरासमोरचा रस्ता उताराचा आहे आणि वॅगनचा हँडब्रेक तिच्या वयाला साजेसा. मी मागची सीट पाडली, गादी घातली. किसनची बायको आणि मी आईला उचलणार होतो. गाडी हलू नये म्हणून मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही माझ्या सीटवर बसा आणि ब्रेक दाबून धरा. सोडू नका."

अठ्ठावीस वर्षांनी हे स्टिअरिंगमागे बसायला गेले. एक पाय आत गेला, दुसरा जाईना. गुडघे स्टिअरिंगखाली अडकले, छाती हॉर्नवर टेकली आणि हॉर्न वाजला. त्यांचा हात सीटखालचा खटका चाचपू लागला.

"सीट हलवायची नाही," मी मागून ओरडले.

हात थांबला. हे तसेच घडी घातल्यासारखे बसून राहिले, ब्रेकवर पाय ठेवून. आम्ही आईला गादीवर निजवलं, उशी सारखी केली, मागचं दार लावलं. मी इंजिन सुरू करून ब्रेक घ्यायला पुढे आले तरी ते उतरले नाहीत. मान वाकडी करून पेडलकडे बघत होते.

"एवढं पुढे बसतेस तू?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

त्यांनी खिशातून तो छोटा टेप काढला. निवृत्त झाले तरी तो खिशातून गेलेला नाही. एका हाताने कसाबसा सीटच्या कडेपासून क्लचपर्यंत धरला, आकडा बघितला, मग डायरी काढून गुडघ्यावर ठेवून लिहायला लागले. त्यांचा चेहरा मी फारसा कधी पाहिला नाही असा झाला होता.

मागून आई म्हणाली, "पद्मे, जावई काय करत्यात गं?"

"मोजतायत, आई."

"आत्ता व्हय?"

ह्यांनी डायरी मिटली. मी दारातून वाकून माझा पाय ब्रेकवर ठेवला, तेव्हा हे अंग चोरून बाहेर निघाले आणि पलीकडच्या दाराने येऊन बसले. मी उशी सारखी केली आणि क्लच दाबला.